साडेसहाला पोचलंच पाहिजे

गुरुवार रात्र, साताऱ्याहून

गोव्यातल्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर तीन नावं होती. एक मोठ्या चंदेरी अक्षरांत, आणि अगदी खाली, तिकिटाच्या दराला लागून, बारीक अक्षरांत आणखी दोन. भाचीच्या मैत्रिणींचं म्हणणं होतं, मुख्य गायिका साडेआठच्या आत स्टेजवर येत नाही, आठला निघालं तरी चालेल. मी भाचीला म्हटलं, तिकिटावर ‘दरवाजे साडेसहाला’ लिहिलंय ना, मग आपण साडेसहाला आत असू. त्या दोन बारीक नावांसाठीसुद्धा आपण पैसे दिलेत.

हे माझं जुनं दुखणं आहे. मी वर्षानुवर्षं साथीला पेटी वाजवली. गणेशोत्सवात मोठे गायक यायच्या आधी आमच्यासारख्यांचं गाणं असायचं. समोर खुर्च्या मांडायचं काम चालू, कुणी सतरंजी झटकतंय, माइकवाला ‘हॅलो, हॅलो’ करतोय, आणि आम्ही यमन लावलेला. तिथे जी चार-पाच माणसं पुढे येऊन नीट बसायची, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

पुण्याहून गोव्याला जाणारी स्लीपर बस रात्री हायवेवर थांबली आणि आम्ही चढलो. वरच्या बर्थवर भाची, खाली मी. ती कानाला हेडफोन लावून याच गायिकेची गाणी पुन्हा ऐकत होती. मुलगी मुंबईच्या उपनगरातली, घरात मराठी बोलणारी. कॉलेजच्या हॉलमधून सुरुवात केली आणि आता कुठे शहरोशहरी बोलावणी यायला लागली आहेत. स्टेजवरचं नाव वेगळं, घरचं वेगळं. आमच्याशी ती नंतर बोलली ती घरच्या मुलीसारखी, म्हणून दोन्ही नावं इथे लिहीत नाही.

तिचं गाणं ग्लॅम-पंक. ज्यांनी हा प्रकार ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मला तो मनापासून आवडतो. १९७१ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर मार्क बोलन डोळ्यांखाली चकाकी लावून गायला आणि तिकडच्या पोरांनी आईच्या ड्रेसिंग टेबलवर धाड घातली. पाठोपाठ डेव्हिड बोवी आला, केशरी केस आणि रंगवलेला चेहरा घेऊन. हे ग्लॅम. न्यूयॉर्कला ‘न्यूयॉर्क डॉल्स’ नावाच्या बँडने उंच टाचांचे बूट घातले, लिपस्टिक लावली, पण वाजवलं मात्र खडबडीत आणि जोरात. त्यांची पहिली रेकॉर्ड १९७३ ची. तीन वर्षांनी लंडनमध्ये पंक उसळलं. गिटारवर तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, कुणाच्या परवानगीची वाट बघू नका, हे त्याचं सांगणं. नटणं आणि ओरडणं या दोन्ही गोष्टी एकाच अंगावर घेणारे ते ग्लॅम-पंक.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे असं कुणी समजू नये. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला. तेव्हा तो फारोख बलसारा होता, आणि शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर.

निपाणी गेलं की रस्ता बदलतो, ते झोपेतही कळतं.

शुक्रवार, म्हापसा

आंबोली उतरताना अंधार होता आणि खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता. सावंतवाडीला उजाडायला लागलं. बांदा मागे टाकून पत्रादेवीला आलो की मी हात जोडते. १५ ऑगस्ट १९५५ ला इथेच सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांचं स्मारक रस्त्यालगतच आहे. भाचीला दाखवलं. तिने हेडफोन काढले.

म्हापशाला माझी आत्या असते. तिचे यजमान, ज्यांना आम्ही आमच्या पद्धतीने मामा म्हणतो, ते मूळचे इथलेच. आत्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी साताऱ्याची मराठी बोलते, मामा गोव्याची बोलतात, आणि मुलं दोन्हींत कोंकणी मिसळतात. आम्ही पोचलो तेव्हा पोदेर, म्हणजे पाववाला, नुकताच सायकलवरून भोंपू वाजवत गेला होता. गरम पोळी, म्हणजे इथली कोंड्याची, पोकळ, पावासारखी पोळी, चहात बुडवून खाल्ली आणि अंग सैल झालं.

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. आत्याबरोबर गेलो. मयड्याची केळी, कोकमाची सोलं, आटवलेलं मीठ, मातीची भांडी, बिमलं, तांबडी भाजीच्या जुड्या. बोडगेश्वराची जत्रा होऊन गेली होती, तरी खाज्यांची दुकानं अजून होती. आल्याचा झणका लागणारं ते खाजं साताऱ्याला न्यायला घेतलं. बाजाराच्या भिंतीवर तियात्राची, म्हणजे गाण्यांसकट होणाऱ्या कोंकणी नाटकाची, पोस्टरं होती. भाची त्यांच्यासमोर थांबली, कारण त्यातल्या एकाचा चेहरा अर्धा पांढरा, अर्धा लाल रंगवलेला होता.

तियात्र समजून घेतल्याशिवाय गोव्यात पंक का रुजू शकतं हे कळणार नाही, असं माझं मत आहे. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाला, लुकासिन रिबेरोंचा. नाटकाच्या प्रवेशांच्या मधे पडद्यासमोर येऊन गायक कांतारां म्हणतात. ती गाणी गोष्टीशी जोडलेली असतीलच असं नाही. मंत्र्याने काय केलं, जमीन कुणी विकली, पाणी का येत नाही, सगळं नाव घेऊन, यमक जुळवून, ब्रासच्या साथीवर. लोक टाळ्यांनी कडवं पुन्हा म्हणायला लावतात. सव्वाशेहून जास्त वर्षं इथली माणसं सुटाबुटात, रंग लावून, सत्तेवर गाणी म्हणत आली आहेत.

दुपारी माशांचं हुमण आणि भात जेवून मामा आपली पेटी उघडून बसले. माझ्यासाठी हा दिवसाचा खरा भाग. मामा रंगभूषा करतात. गोव्यात गावोगावच्या देवळांत उत्सवाला मराठी नाटकं होतात. गावातलेच लोक काम करतात, आणि तोंडं रंगवायला मामांसारखी माणसं लागतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत त्यांनी रात्री काढल्या आहेत. पेटीत दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम, क्रेपचे केस, ब्रशांचं गुंडाळं, आणि एका जुन्या डबीत गुरूंकडून आलेला हिंगूळ, म्हणजे तांबड्या रंगाची भुकटी. तो आता वापरत नाहीत, त्यात पारा असतो. पूर्वी सफेदा, पिवडी आणि हिंगूळ खोबरेल तेलात घोटून रंग तयार करायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिलंय.

भाचीने फोनवर गायिकेचा फोटो दाखवला. डोळ्यांच्या पापणीपासून कानशिलापर्यंत चांदी, ओठ काळ्या रेघेने बांधलेले, गालाच्या हाडाखाली निळसर सावली. मला वाटलं होतं मामा हसतील. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, आणि बराच वेळ बघत राहिले.

“बाय, हे काम जाणकाराचं आहे. हिने ओठ काळ्याने बांधलेत, बघ. तांबड्या उजेडात तांबडे ओठ दिसतच नाहीत, पुसले जातात. निळ्या उजेडात तेच ओठ काळेठिक्कर. म्हणून आधीच रेघ घातली. आता कुठलाही लाईट टाका, तोंड उघडलेलं कळणार.”

“पण मामा, असं रंगवून ओरडायचं, हे तुम्हाला कसं वाटतं?” भाचीने विचारलं.

“दशावतारातला राक्षस काय करतो?”

पेडणे-डिचोलीकडचा आणि सिंधुदुर्गातला दशावतार ज्याने पाहिला असेल, त्याला याचं उत्तर माहीत आहे. रात्रभर, देवळासमोर, संकासुर आरोळ्या ठोकत येतो आणि पोरं आईच्या मागे लपतात. आणि पुरुषाने स्त्रीचं रूप घेऊन हजारो लोकांना वेड लावणं हे तर आपल्या रंगभूमीने बालगंधर्वांच्या काळातच पाहिलं. बायका त्यांच्याकडे बघून नेसणं आणि गजरा माळणं शिकल्या. बोवीने चेहरा रंगवला तेव्हा इंग्लंडमधले आईबाप हादरले. आपल्या आज्या हादरल्या नसत्या.

मामा म्हणाले, उद्या मीही येतो. आत्याने त्यांच्या गुडघ्यांची आठवण करून दिली. ते म्हणाले, रात्रभर विंगेत उभा राहतो तेव्हा गुडघे कुठे असतात?

शनिवार, शिवोली आणि हणजुणे

सकाळी शिवोलीला जाऊन आलो, नदीकाठी थोडं चाललो. गायक रेमो फर्नांडिस इथला. आमच्या तरुणपणी त्याची गाणी टीव्हीवर यायची, पण त्याच्या आधीचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. १९८४ मध्ये त्याने ‘गोवन क्रेझी’ घरातच ध्वनिमुद्रित केलं, गाणं आणि वाद्यं सगळं स्वतः करून, आणि कॅसेट स्वतःच दुकानांत पोचवल्या. लंडनच्या पोरांनी १९७६ मध्ये जे केलं त्याची ही शिवोलीतली आवृत्ती. त्याही मागे जावं तर चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवणारी परंपरा आहे. त्याच शिक्षणावर गोव्याचे वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. या भूमीवर रॉक ऐकायला जाताना हे माहीत असावं.

संध्याकाळी सहाला मामांच्या मुलाने आम्हाला गाडीने सोडलं. जागा हणजुणे, म्हणजे अंजुना, आणि आसगावच्या मधे, माडांच्या आत. वरून पत्रा, तीन बाजूंनी उघडी, समोर कमरेएवढ्या उंचीचं स्टेज. हणजुणे म्हटलं की लोकांना साठच्या दशकाच्या अखेरीस आलेले हिप्पी, बुधवारचा बाजार आणि ट्रान्सच्या रात्री आठवतात. डीजेच्या संगीताला इथे जागेची कमतरता नाही. चार माणसांनी खरोखरची वाद्यं वाजवायच्या जागा मात्र मोजक्याच.

आणि वेळ. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा दंडक. त्यामुळे अशा जागी तीन बँड बसवायचे तर साडेसहाला दरवाजे उघडावेच लागतात. पहिल्या बँडच्या वाट्याला येतो तो दिवसाचा उरलेला उजेड. स्टेजवरचे दिवे दिसत नाहीत, डास चावत असतात, आणि लोक अजून किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढत असतात.

पहिली जोडी सातला पाच कमी असताना सुरू झाली. एक मुलगा गिटारवर, एक मुलगी छोट्या कीबोर्डवर, ड्रमचं काम यंत्रावर. मडगावकडची असावीत, मधे बोलत होती कोंकणीत. समोर मोठी मोकळी जागा आणि पलीकडे बारजवळ पाठमोरी माणसं. मी भाचीचा हात धरला आणि आम्ही अगदी पुढे, स्टेजला टेकून उभ्या राहिलो. मामांना मुलाने खुर्ची आणून दिली, ती त्यांनी आमच्या शेजारीच ठेवली, पण बसले नाहीत.

मुलीचा आवाज पहिल्या दोन गाण्यांत दबलेला होता. तिला स्वतःचं गाणं ऐकू येत नव्हतं, हे दिसत होतं. ती पुन्हा पुन्हा पायाजवळच्या मॉनिटरकडे, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, बघत होती. तिसऱ्या गाण्याच्या आधी साउंडवाल्याने काहीतरी फिरवलं आणि तिचा चेहरा उघडला. मग तिने जे गायलं ते मी विसरणार नाही. खालच्या षड्जावर, जवळजवळ बोलल्यासारखं, भरतीच्या पाण्यात वाहून गेलेल्या मानशीबद्दल. मानस म्हणजे खाजनातलं, खाडीकाठच्या बांधातल्या शेतातलं, पाणी अडवायचं लाकडी दार. खारं पाणी शेतात शिरलं की काय होतं, हे तिने चार ओळींत सांगितलं. बारजवळची दोन-तीन डोकी वळली. चौथ्या गाण्यापर्यंत पंधराएक माणसं पुढे आली होती.

तेवढ्यात भाचीने मला कोपर मारलं. आमच्या मागे, साध्या काळ्या टी-शर्टमध्ये, डोक्यावर रुमाल बांधून, पण चेहरा पूर्ण रंगवलेली अशी मुख्य गायिका उभी होती. गर्दीत. प्रत्येक गाण्यानंतर ती हात वर करून टाळ्या वाजवत होती. तिला ओळखून कुणी फोटो मागायला आलं की ती स्टेजकडे बोट दाखवायची. तिकडे बघा, असं.

दुसरा बँड सावंतवाडीकडचा, तिघांचा. गिटार, बेस, ड्रम, आणि ड्रमच्या शेजारी स्टँडवर एक घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांची मातीची घागर. मोठ्या तोंडावर चामडं, आणि लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत आवाज बदलायचा. चतुर्थीला आरतीत शामेळ नावाचा ढोल आणि कासाळं म्हणजे झांजा यांच्याबरोबर तो घरोघर वाजतो. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकरीचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. अशा वाद्याला पंकमध्ये आणायचं तर एक मोठी अडचण आहे. मातीचं पोट घुमतं, माइक तो घुमारा पकडतो, स्पीकर तो परत फेकतो, आणि शिट्टी सुरू होते. पहिल्या गाण्यात तेच झालं. वादकाने घुमट छातीशी घेतला, स्पीकरकडे पाठ केली, आणि माइक चामड्यापासून वीतभर लांब करायला सांगितला. शिट्टी थांबली. खालचा ‘घुम्म’ थेट पोटात लागला.

ते मालवणीत आणि मराठीत गात होते. एकही गाणं तीन मिनिटांवर गेलं नसेल. एक डोंगर पोखरणाऱ्या खाणीवर, एक मुंबईला जाऊन परत न येणाऱ्या भावावर, एक एसटी चुकली त्यावर. एसटीच्या गाण्याला आधी लोक हसले. मग तिसऱ्या कडव्यात कळलं की चुकलेली एसटी आजीला दवाखान्यात न्यायची होती. गायकाने ते कडवं ओरडून म्हटलं नाही, दात आवळून म्हटलं. ड्रम थांबले होते, फक्त घुमट चालू होता. मामा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, “पोरगो बरो गायता.”

आठ वाजून गेले होते. आता गर्दी झाली होती. आठला आलेल्यांनी मागून ढकलायला सुरुवात केली. त्यांना काय चुकलं हे त्यांना कळणारही नाही, याचं मला वाईट वाटलं. ४ जुलै १९७६ ला शेफिल्डला सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या आधी वाजवायला एक नवा बँड उभा राहिला, त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम. तो बँड म्हणजे पुढे जगभर गाजलेला ‘द क्लॅश’. त्याच वर्षी २० सप्टेंबरला लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये सूझी सू आणि तिचे साथीदार जवळपास तालमीशिवाय वीसेक मिनिटांसाठी स्टेजवर चढले, आणि तिथून ‘सूझी अँड द बॅनशीज’ सुरू झाले. दोन्ही वेळा उशिरा येणारे असतीलच.

मग ती आली.

दिवे गेले, फक्त मागून एक तांबडा झोत. कमरेवर हात ठेवून उभी असलेली आकृती, उंच टाचांचे बूट, खांद्यांवर टिकल्यांचं जाकीट. नीट पाहिलं तर जाकिटाच्या बाह्यांना जुन्या लुगड्याचे जरीचे काठ शिवलेले, आणि ते शिलाईऐवजी सेफ्टी पिनांनी धरलेले. ड्रमवर चार ठोके पडले आणि तिने तोंड उघडलं. मामांनी सांगितलं होतं तसंच झालं. सगळं तांबडं असताना तिचे ओठ काळ्या रेघेने उठून दिसत होते.

आवाजाबद्दल एका गाणाऱ्या बाईने लिहावं म्हणून थोडं लिहिते. पंकमध्ये ओरडतात, पण नुसतं ओरडणाऱ्याचा गळा दोन गाण्यांत बसतो. ती श्वास पोटातून घेत होती, खांदे उचलत नव्हती. वरच्या पट्टीत जाताना हनुवटी वर करत नव्हती, उलट किंचित खाली आणत होती. खरखर ती हवी तिथे आणत होती आणि पुढच्याच ओळीत सूर स्वच्छ लावत होती. हे शिकून येतं, रोज बसून येतं. तिसऱ्या गाण्यात एक लांब तान, हो, तानच, तिने गिटारच्या गोंधळावर टाकली आणि ती समेवर आणून ठेवली. माझ्या अंगावर काटा आला. पलीकडच्या पोरांना ती तान वाटली की किंकाळी, मला माहीत नाही. त्यांनीही हात वर केले.

बहुतेक गाणी इंग्रजीत, मधे दोन मराठीत. मराठीतलं एक तिच्या आईवर होतं, लोकलच्या पहिल्या डब्यात उभ्याने मेकअप करणाऱ्या आईवर. ऑफिसला जाताना रोज, दादर यायच्या आत, एका हाताने कडी धरून काजळ घालणारी बाई. ते गाताना तिने एक पाय मॉनिटरवर ठेवला आणि हवेत काजळ घातल्यासारखा हात फिरवला. माझ्या भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, पुण्याला नोकरीसाठी रोज अशीच जायची.

साउंडवाल्याने दहाला दहा मिनिटं असताना दोन्ही हातांची बोटं वर करून इशारा केला. तिची अजून तीन गाणी बाकी होती, ती यादी स्टेजवर चिकटवलेली होती आणि मला जवळून वाचता येत होती. तिने यादीकडे बघितलं, माइक घेतला आणि म्हणाली, “वेळ एका गाण्याचा आहे. मला आज एकटीने संपवायचं नाही.” मग तिने आधीच्या दोन्ही बँडना स्टेजवर बोलावलं. कीबोर्डवाल्या मुलीला स्वतःचा माइक दिला, आणि एसटीचं गाणं सुरू करायला सांगितलं. स्वतःचं नाही. त्या सावंतवाडीच्या पोरांचं.

पोरं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. मग घुमट सुरू झाला. स्टेजवर सात-आठ माणसं, एक गिटार बेसूर, कुणाचे शब्द चुकलेले, आणि आठला आलेली सगळी गर्दी एक अनोळखी गाणं पहिल्यांदा ऐकत होती. तिसऱ्या कडव्याला ती मागे सरली, अगदी ड्रमच्या मागे, आणि पुढे फक्त तो गायक राहिला. मुख्य कलाकाराचा मोठेपणा मी स्टेजवर पुष्कळदा पाहिलाय, बहुतेक वेळा तो भाषणात असतो. इथे तिने आपली तीन गाणी सोडून दिली होती. दहाला पाच कमी असताना आवाज बंद झाला.

नंतर ती टी-शर्टच्या टेबलाजवळ उभी होती. मामा सरळ गेले आणि तिच्या कानशिलाजवळची चांदी बघत म्हणाले, “घामाने हलली नाही. कशाने बसवली?” तिने सांगितलं, आधी डिंकाचा पातळ हात, मग भुकटी, मग ब्रशने झटकायचं. मामांनी तिला सांगितलं की कपाळावर घाम येतो तिथे आधी तुरटीचं पाणी लाव. तिने फोन काढून ते लिहून घेतलं. मागे रांग होती, तरी ती दोघं बराच वेळ डोळ्याच्या कोपऱ्याबद्दल बोलत राहिली. मी तिला एवढंच विचारलं की गाणं कुठे शिकलीस. म्हणाली, आठ वर्षं बाईंकडे, विलेपार्ल्याला, ख्याल. बाईंना अजून हे गाणं दाखवलं नाही. दाखव, मी म्हटलं. ती तान त्यांचीच आहे, त्या ओळखतील.

रविवार, म्हापसा बसस्टँड

सकाळी उशिरा उठलो. आत्याने उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी दिली. मामा रात्रीपासून नवीन पद्धतीच्या डिंकाचा विचार करत होते आणि पुढच्या महिन्यातल्या नाटकात देवीच्या मुकुटाखाली तो वापरून बघणार होते.

म्हापशाच्या स्टँडवर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, गाड्यांच्या रांगेत सावंतवाडीची पोरं भेटली. गिटार पाठीवर, आणि घुमट गोणपाटात गुंडाळून मांडीवर. रात्रीच्या कार्यक्रमाचे त्यांना प्रवासखर्च आणि जेवण मिळालं होतं, टी-शर्ट मात्र सगळे संपले. शेवटच्या गाण्यानंतर. ड्रमवाला सांगत होता, पहिल्यांदाच इतक्या लोकांनी नाव विचारलं.

भाची त्यांच्याशी बोलायला गेली ती परत येईना. गेल्यावर कळलं, ती त्यांना साताऱ्याला बोलावत होती. कॉलेजच्या हॉलचं भाडं, शाहू कला मंदिर मिळेल का, पोलिसांची परवानगी, सगळं तिने बसल्या जागी वहीत लिहायला घेतलं होतं. मी विचारलं, मुख्य कोण? ती म्हणाली, हेच मुख्य. आणि आधी कोण? तर मडगावची ती जोडी. आणि त्यांच्याही आधी, ती माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, तू पेटी घेऊन बस.

मी हो म्हटलं. मुलांची बस लागली होती. ड्रमवाल्याने गोणपाट उचललं आणि भाचीला म्हणाला, घुमटाला वेगळा माइक लागेल, आणि तो स्पीकरच्या मागे ठेवायला जागा, एवढं आधीच लिहून ठेवा.